न पाहिलेल्या घोड्याचं खोगीर

 

सुरुवात एका शब्दापासून करतो. खोगीरभरती. हा शब्द आपण सगळेच वापरतो. एखाद्या अंकात दहा चांगले लेख आणि वीस टाकाऊ लेख असले की आपण म्हणतो, बाकी सगळी खोगीरभरती. म्हणजे आत काहीही कोंबलं तरी चालतं, वरून कातडं शिवलं की झालं. चिंध्या, गवत, जुना कापूस, हाताला येईल ते. आजचं माझं म्हणणं असं आहे की या शब्दाने घोड्यावर मोठा अन्याय केला आहे. खोगिरात काय भरलं, किती भरलं आणि कुठे भरलं, यावर घोडा चालणार की लंगडणार हे ठरत होतं. ती भरती टाकाऊ नव्हती, ती सगळ्यात कसबाची गोष्ट होती.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो एका फोनमुळे. माझी भाची न्यूझीलंडमध्ये असते, दक्षिण बेटावर, अगदी आडबाजूला. तिने एक घोडी घेतली, बुटकी आणि रुंद पाठीची. जुनं जीन तिला बसेना. पाठीवर ठेवलं की पुढून उचललं जाई, आणि घोडी कान मागे पाडून चावायला येई. जीन बसवून देणारा जाणकार माणूस अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, आणि तोही त्या भागात वर्षातून दोन-तीनदा येणार. ती म्हणाली, "मामा, तू इतिहासवाला ना? मग सांग, पूर्वी हे लोक काय करायचे? लांबच्या माणसाकडून घोड्याचं माप कसं जुळवायचे?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण बघतो. आणि बघता बघता सहा महिने गेले. (हशा)

तर प्रश्न असा आहे. ज्याने घोडा पाहिलेला नाही, त्याने त्या घोड्याला बसेल असं खोगीर कसं करायचं? हा प्रश्न नवा वाटतो, व्हिडिओ कॉलच्या काळातला. तो नवा नाही. मात्र तो फार जुनाही नाही, आणि इथेच मला पहिली गंमत दिसली.

कारण जुन्या काळी अंतरच नव्हतं. आपल्याकडे जीनगर होते. हा समाज महाराष्ट्रात आजही आहे, आडनावातही हा शब्द सापडतो. जीन करणारा तो जीनगर. फौज असे, संस्थानिक असत, पागा असत, तिथे जवळच जीनगरांची वस्ती असे. घोडा दारात उभा करायचा, जीनगराने पाठीवरून हात फिरवायचा, आणि काम सुरू. पुढे घोडदळं संपली आणि या लोकांनी इतर कामं धरली, पुस्तकबांधणीपासून अनेक. पण मूळ कामात कारागीर आणि जनावर एकमेकांना भेटत होते, हे महत्त्वाचं.

दुसरं असं की आपलं खोगीर बहुतेक मऊ. आत सांगाडा नाही, किंवा असला तर नावापुरता. जाड गादी, तिच्याखाली नमदा किंवा घोंगडी, वरून चारजामा, तंग आवळला की स्वार वर. अशी गादी कुठल्याही पाठीवर थोडीफार बसतेच. तिला माप लागत नाही. तोटा काय? सगळं वजन स्वाराच्या बुडाखालच्या दोन जागांवर येतं आणि रिकिबींचा ओढा एका पट्टीत उतरतो. स्वार हलका, सामान कमी आणि घोडा भीमथडीचा काटक, म्हणून ते निभावून जाई. जड स्वार आणि आठ दिवसांचं सामान असतं तर निभावलं नसतं.

सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची जी व्यवस्था दिली आहे, तिच्यात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद आहे. पाणी आणि नाल. जीन शिवणारा त्या हिशेबात नाही. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, बखर म्हणजे काही सामानाची यादी नव्हे. पण त्याच बखरीत एक गोष्ट आहे जी मला या विषयासाठी जास्त मोलाची वाटते. पावसाळ्यात लष्कर छावणीला यायचं, घोड्यांना दाणा, वैरण, औषधं तयार ठेवलेली असायची, आणि दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीला निघायचं. आता विचार करा. चार महिने उभा राहून दाणा खाल्लेला घोडा आणि वैशाखात मुलूखगिरीवरून परत येणारा घोडा, या दोघांची पाठ एकच आहे का? दसऱ्याला जे खोगीर बसतं ते वैशाखात बसेल का? माझा अंदाज असा की तेव्हाचा स्वार वर्षभर आपल्या खोगिराची भरती कमीजास्त करत असणार. शिवण उसवायची, मूठभर काढायचं नाहीतर घालायचं, पुन्हा शिवायचं. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचं, दोघांची सवय जुळलेली. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, त्याला हे जास्त जड गेलं असेल. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण "पाठ बदलते" हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

सांगाडा असलेलं खोगीर आलं की मामला बदलतो. लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा वजन लांबवर पसरवतो, ही त्याची मोठी सोय. पण तो वाकत नाही. तो त्या पाठीचा असेल तर घोडा दिवसभर चालेल, आणि नसेल तर दोन तासांत जखम. पाठीच्या कण्यावर दाब नको, ही अक्कल माणसाला फार लवकर आली होती. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांतून अडीच हजार वर्षांपूर्वीची खोगिरं निघाली, ती आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. केस भरलेल्या दोन उशा, कण्याच्या दोन बाजूंना एकेक. मध्ये फट. म्हणजे तत्त्व तेव्हाच ठाऊक होतं. मापाचा प्रश्न मात्र शिल्लक होता.

तो प्रश्न चव्हाट्यावर आला एकोणिसाव्या शतकात, कारण त्या शतकात खोगीर कारखान्यात गेलं. इंग्लंडमध्ये वॉलसॉल नावाचं गाव आहे, बर्मिंगहॅमजवळ. चामड्याच्या सामानाचं गाव. तिथल्या फुटबॉल क्लबलाही लोक "सॅडलर्स" म्हणतात. तिथून खोगिरं जगभर जायची. आपल्याकडे कानपूरला सरकारी हार्नेस अँड सॅडलरी कारखाना १८६०च्या दशकात उभा राहिला. आता कारागीर एका ठिकाणी, घोडा हजार कोसांवर. मध्ये बोट, रेल्वे, गोदाम, कारकून. घोडा पाहिलेला माणूस खोगीर करत नाही, आणि खोगीर करणाऱ्याने तो घोडा कधी पाहिलेला नाही.

यावर अमेरिकन सैन्याने काय उपाय काढला बघा. जॉर्ज मॅक्लेलन हा त्यांचा अधिकारी १८५५-५६ मध्ये युरोपात सैन्यं पाहायला गेला, क्रिमियन युद्धाच्या वेळी. परत येऊन त्याने एक खोगीर सुचवलं, ते १८५९ मध्ये मंजूर झालं आणि थोडेफार बदल होत घोडदळ असेपर्यंत चाललं. हलकं, स्वस्त, आणि मधोमध उघडं, म्हणजे कण्यावर हवा खेळती. ते तीन मापांत मिळायचं. बैठक ११ इंच, साडेअकरा इंच आणि १२ इंच. ऐकलंत? बैठक. म्हणजे माप कुणाचं? स्वाराचं! घोड्याच्या पाठीचं माप कुणी विचारलंच नाही. पाठीची काळजी खालच्या घडी घातलेल्या कांबळ्याने घ्यायची. घोडा वाळलेला असला तर बरं बसे, तगडा आणि रुंद असला तर फळ्यांच्या कडा रुतत.

मला वाटतं हीच चूक नंतर दुकानदारीतही उतरली. अमेरिकेत कॅटलॉग पाहून टपालाने खोगीर मागवायची पद्धत आली, सीअर्स रोबकच्या जाडजूड कॅटलॉगांत खोगिरं असायची. तिथेही बैठकीची लांबी इंचात. गिऱ्हाईक पत्र लिहितं तेव्हा स्वतःबद्दल लिहितं, पैसे तेच देणार असतं ना. घोडा पत्र लिहीत नाही.

ब्रिटिश बाजूला या प्रश्नाला एक चांगला माणूस मिळाला. फ्रेडरिक स्मिथ, लष्करी पशुवैद्य, हिंदुस्थानातही नोकरी केलेला. १८९१ साली त्याचं एक पुस्तक निघालं, विषय खोगिरं आणि जखमी पाठी, बस्स. या पुस्तकाचं महत्त्व असं की त्याने दोष घोड्यावर ढकलला नाही. तोवर सर्रास समज काय, तर अमुक घोड्याची कातडी नाजूक, तमुक घोड्याची पाठ वाईट. आपल्याकडच्या अश्वपरीक्षेच्या पोथ्यांतही घोड्याच्या अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ यावर बराच मजकूर असतो. स्मिथचं म्हणणं साधं होतं. जखम दाबाने आणि घासण्याने होते, आणि दाब-घासणं खोगिराच्या बसण्यातून येतं. म्हणजे ती टाळता येते. आणि टाळता येते म्हणजे कुणाची तरी जबाबदारी आहे.

पुढे १९०८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने "ॲनिमल मॅनेजमेंट" नावाची पुस्तिका काढली, तिच्यात आणि त्या काळच्या शिकवणीत हे नियम अगदी शिपायाला समजतील असे मांडलेले आहेत. खांद्यांच्या वर, मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, तो चिमटला जाऊ नये की दाबला जाऊ नये. कण्यावर भार नको. खांद्याची फरी मोकळी हलली पाहिजे. कमरेवर भार नको. सगळं वजन बरगड्यांवर, आणि तेही वरच्या मांसाच्या गादीतून. एवढंच. आणि तपासायचं कसं? हाताने. स्वार वर बसलेला असताना खोगिराखाली पुढून हात घाला, बोटं चेंगरतात का बघा. मग घोड्याचा पाय पुढे ओढायला सांगा, फरी मागे सरकते तेव्हा पुन्हा बघा.

मला विचाराल तर लांबून केलेली खरी मदत ती हीच. वॉलसॉलच्या माणसाला रावळपिंडीचा घोडा दिसत नाही, ठीक आहे. पण रावळपिंडीच्या दफेदाराला काय पाहायचं हे छापून सांगता येतं. माप कारखान्याकडे न्यायच्या ऐवजी नजर घोड्याकडे पाठवली.

पण नुसत्या नियमांनी भागत नाही, हे दक्षिण आफ्रिकेत दिसलं. १८९९ ते १९०२ चं बोअर युद्ध. ब्रिटिशांनी तिथे सुमारे ५,१८,००० घोडे पुरवले, त्यांतले सुमारे ३,२६,००० गमावले. आकडा पुन्हा ऐका, सव्वातीन लाख. खेचरं वेगळी. सगळे खोगिरामुळे मेले असं मी मुळीच म्हणत नाही. उपासमार, रोगराई आणि अतिश्रम ही मुख्य कारणं. अर्जेंटिना, हंगेरी, अमेरिका अशा ठिकाणांहून घोडे बोटीत कोंबून आणले, आणि उतरल्यावर विश्रांती न देता रेल्वेने पुढे, आणि लगेच कामाला. स्मिथने या युद्धाचा पशुवैद्यकीय इतिहासही लिहिला, तो वाचणं फार अवघड जातं. पोर्ट एलिझाबेथमध्ये १९०५ साली या घोड्यांचं स्मारक उभारलं. तहानलेल्या घोड्यापुढे गुडघे टेकून पाण्याची बादली धरलेला शिपाई. माणसांच्या युद्धातलं जनावराचं असं स्मारक तुम्हाला फारसं सापडणार नाही.

आता आपला दसरा-वैशाखाचा मुद्दा आठवा. घोडा डेपोत असताना खोगीर बसवलं. तीन आठवड्यांत पाठीवरचं मांस झडलं. झडलं की खोगिराची कमान खाली येते आणि थेट उंचवट्यावर टेकते. जिथे मांसच नाही, वर नुसती कातडी आणि खाली हाड. म्हणजे ज्या दिवशी माप घेतलं त्या दिवशी ते बरोबर होतं! चूक मापाची नव्हती. पाठ हा सांध्या-स्नायूंचा, रोज बदलणारा भाग आहे, आणि आपण त्याचं माप पेटीचं घ्यावं तसं घेतो.

म्हणून मला १९१२ चं ब्रिटिश "युनिव्हर्सल पॅटर्न" खोगीर हा या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा टप्पा वाटतो. त्यात बाजूच्या लाकडी फळ्या पुढच्या आणि मागच्या पोलादी कमानींना पक्क्या ठोकलेल्या नाहीत, त्या बिजागरीसारख्या हलतात. पाठ रुंद झाली तर फळ्या थोड्या पसरतात, पाठ वाळली तर आत कलतात. खाली नमद्याच्या गाद्या आणि घडीचं कांबळं, ते कमीजास्त करता येतं. इंग्रजीत खोगिराखालच्या या गादीला "नम्ना" म्हणतात, तो शब्द आपल्याकडच्या नमद्यावरूनच गेलेला आहे. करणाऱ्याने जणू कबूल केलं की मला तुझा घोडा माहीत नाही आणि तू सांगितलास तरी तो महिन्याभरात वेगळा असेल, तेव्हा मी जागा सोडतो, तू जुळव.

मग मोटारी आल्या, घोडदळं गेली, आणि ही लष्करी विद्या बरीचशी विसरली गेली. घोडा छंदाचा झाला. दुकानात पुन्हा बैठकीचं माप. सांगाड्याच्या रुंदीला कुणी "मीडियम", "वाइड" म्हणतं, कुणी सेंटिमीटर सांगतं, कुणी नुसता आकडा. आणि एका कंपनीचं "वाइड" दुसरीच्या "मीडियम"एवढं. चपलांचे नंबर परवडले.

आता भाचीकडे येतो. तिने शेवटी एक बाई गाठल्या, खोगीर बसवून देण्याचं शिक्षण घेतलेल्या, आणि त्यांनी सगळं लांबून करायचं कबूल केलं. त्यांनी काय मागवलं ते ऐका, कारण त्यात मला जुने सगळे लोक भेटले.

पहिली गोष्ट, वाकवली की तशीच राहणारी लवचीक पट्टी. ही आता प्लास्टिकची मिळते, चित्रकलेच्या दुकानातही असते. पूर्वी जीन करणारे शिशाची पट्टी नाहीतर मऊ तार वापरायचे. घोडी सपाट जमिनीवर, चारी पाय चौकोनात, मान सरळ. खांद्याच्या फरीची मागची कड हाताने चाचपायची, तिच्या मागे दोन बोटं सोडून पट्टी आडवी पाठीवर दाबायची, अलगद उचलायची आणि कागदावर आतल्या कडेने रेघ मारायची. मग आणखी मागे दुसरी. मग शेवटच्या बरगडीपाशी तिसरी. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात, खोगिराने अठराव्या बरगडीच्या मागे जायचं नाही, कारण तिथून पुढे कमरेला खालून आधारच नाही. मग कण्याच्या लांबीने एक रेघ, पाठ खोलगट की सपाट ते कळायला. कागदावर डावं-उजवं लिहायचं आणि तारीख टाकायची. तारीख! बाईंनी तीनदा बजावलं म्हणे. वैशाख आणि दसरा त्यांनाही ठाऊक होते.

आपल्या मंडळींनी काय केलं असेल? पहिल्या दिवशी भाचीने एकटीनेच सगळं केलं, घोडी सारखी मान वळवून बघत होती की ही काय करतेय. मान वळली की एका बाजूचा खांदा पुढे येतो. बाईंनी रेघा बघून उत्तर पाठवलं, घोडी वाकडी आहे की तुम्ही? (हशा) दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याला घोडी धरायला बोलावलं, आणि माप वेगळं आलं.

फोटोंचंही तेच. फोन जवळ धरला की जवळचा भाग मोठा दिसतो, वरून काढला की पाठ लांब दिसते. बाईंना हवा होता पाठीच्या उंचीवरून, आडवा, चार-पाच पावलं मागून काढलेला. व्हिडिओवर खोगीर बसलेलं दिसतं, पण दाब दिसत नाही. दाब दाखवणाऱ्या सेन्सरच्या चादरी आहेत, महाग आहेत, त्या गाईच्या गोठ्यात कोण आणणार? तेव्हा बाईंनी १९०८ चाच उपाय सांगितला, हात घाला. आणि भाचीला शब्दांत सांगायला लावलं की बोटांना काय वाटतंय. "घट्ट आहे" हे चालणार नाही. कुठे घट्ट, वर की मध्ये की खाली, बोटं अडकतात की नुसती दबतात, डावीकडे किती, उजवीकडे किती. ती म्हणाली, "मामा, मराठीत सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, इंग्रजीत एवढे शब्दच सुचेनात."

दोन खोगिरं परत गेली. येण्याजाण्याचा खर्च, तोही थोडाथोडका नाही. आता एक गंमत बघा, तिसरं जे आलं ते कानपूरच्या चामड्याचं होतं. कानपूरच्या खोगिरांना आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे, आणि माल अजूनही युरोप-अमेरिकेत जातो. म्हणजे ज्या कारागिराने ते शिवलं, त्याने ती घोडी पाहिलेली नाही. ज्या बाईंनी निवडलं, त्यांनीही नाही. आणि जिने पाहिली आहे, तिला शिवता येत नाही.

अर्धा तास फेरफटका मारून भाचीने खोगीर उतरवलं आणि पाठीचा फोटो पाठवला. पाठ घामाने ओली, दोन्ही बाजूंना सारखी, फक्त डावीकडे पुढे तळव्याएवढा कोरडा डाग. कोरडं म्हणजे चांगलं असं मला वाटलं. तसं नाही. सगळीकडे घाम आणि मध्येच कोरडं, म्हणजे तिथे इतका दाब आहे की घामाला जागाच नाही. बाईंनी व्हिडिओवर बघत बघत तिच्याकडून गादीची एक चीर मोकळी करून घेतली आणि आतली लोकर थोडी काढायला लावली. किती? दोन चिमटी. एवढीच. लगेच शिवून पुन्हा फेरफटका. डाग निम्म्यावर आला. आणखी एक चिमूट. पुढच्या वेळी पाठ सगळीकडे सारखी ओली होती, आणि घोडीने कान मागे टाकले नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा रेघा काढून पाठवायच्या आहेत, ती तारीख तिने गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहे.

बरं, माझी वेळ संपलेली आहे, आयोजक मागून हात दाखवतायत. नालबंदाचा विषय आज हातातून निसटला, तो पुढच्या वेळी घेऊ. समोरचा प्रश्न आधी घेतो. हां, माथेरानच्या घोड्यांबद्दल विचारताय ना? बोला.